समाधानाच्या अकरा सह्या

कुठल्याही ऑफिसच्या कागदावर 'समाधानकारक' हा शब्द दिसला की मला अजून संडासाचा वास येतो. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसते, पण वास यायचा तो येतोच.

वाशीला आम्ही राहायला गेलो ते वडिलांच्या हौसेनं. ते मुंबईत एका छापखान्यात खिळे जुळवायचे. वीस वर्षं लालबागला चाळीत काढली, सामाईक संडासाच्या रांगेत डबा घेऊन उभे राहिले, आणि नव्या शहरात स्वतःच्या घरात स्वतःचा संडास असणार या एका गोष्टीवर ते भाळले. गुडघे दुखायचे म्हणून तळमजला मागून घेतला. खोली, स्वयंपाकघर, मोरी, संडास आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर हातभर मोकळी जागा. तेव्हा वाशी म्हणजे थोड्या इमारती आणि बाकी चिखल, डास आणि खाडीवरून येणारा वारा. वडिलांना सगळं आवडलं. आठ महिने ते त्या घरात राहिले आणि हृदयविकारानं गेले. मागे आई आणि मी, दोघीच उरलो.

ते गेल्यावर पहिल्याच पावसाळ्यात घरानं आपलं खरं रूप दाखवलं. आमच्या डोक्यावर आणखी तीन मजले होते. त्या सगळ्यांची घाण आमच्या खिडकीखालच्या चेंबरमध्ये उतरायची आणि तिथून पुढे जायची. ती पुढे जायची थांबली. पाऊस संपला तरी थांबलेलीच राहिली. मग ती मागे वळून आमच्या घरात येऊ लागली.

सकाळी सहा ते आठ ही तिची वेळ. आधी मोरीच्या जाळीतून बुडबुडे यायचे. मग काळं पाणी, मग त्या पाण्याबरोबर वरच्या तिन्ही मजल्यांनी जे जे धुतलं, खरवडलं, थुंकलं आणि सोडलं ते सगळं. केसांचे गुंते, भाताची शितं, साबणाचा फेस. संडासाच्या भांड्यातून काय यायचं ते लिहायला माझा हात अजून वळत नाही. आई मोरीच्या तोंडाशी गोणपाट दाबून त्यावर वीट ठेवायची आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून खराट्यानं ते मागच्या दारानं बाहेर लोटायची. "दुसऱ्या मजल्यावर काल मेथी हुती," असं एकदा म्हणाली. चेष्टेनंच म्हणाली, पण नंतर तिनं महिनाभर मेथी आणली नाही.

आणि मी काय करत होते? मी इस्त्रीची साडी नेसून, आईनं ठेवलेल्या विटांवर पाय देत देत दारापर्यंत पोचत होते. सात वाजता कंपनीची बस असायची. रबाळ्याच्या एका कारखान्यात मी स्टोअरमध्ये क्लार्क होते. बस चुकली तर अर्धा दिवस जायचा, म्हणून मी मागे वळून बघत नसे. पाणी ओसरल्यावर आई फिनेल टाकून सगळं धुवायची, स्वतः पुन्हा अंघोळ करायची आणि मग वडिलांच्या फोटोपुढे दिवा लावायची. हे मला माहीत होतं, कारण संध्याकाळी घरात फिनेल आणि उदबत्ती असा मिळून एक वास असायचा. त्या वासानं मला जेवण जायचं नाही. आई जेवायची की नाही हे मी विचारलं नाही.

खिडकीबाहेर चेंबरच्या कडेनं अळू माजलं होतं. शेजारच्या इमारतीतली एक बाई येऊन त्याची पानं खुडून न्यायची आणि वर आम्हाला सांगायची, "काय ओ, मस्त अळू आहे तुमचं!" मला तिच्या घरचं फतफतं डोळ्यांसमोर यायचं.

आता आईच्या सहीबद्दल सांगायला हवं. आई शाळेत गेली नव्हती. साताऱ्याकडच्या एका खेड्यात तिचं लहानपण गुरांमागं गेलं. वडील असेपर्यंत सगळे कागद तेच बघायचे. ते गेल्यावर त्यांच्या छापखान्याच्या कागदांसाठी ती एका कचेरीत गेली. तिथल्या कारकुनानं न विचारता तिचा आंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर उमटवला. शिवाय आंगठ्याला साक्षीदार लागतो, म्हणून आमच्याच जिन्यातल्या एका गृहस्थांना विनवून नेलं होतं. ते एक नंबरचे काटेकोर. त्यांनी सही करण्याआधी अख्खा कागद मोठ्यानं वाचून दाखवला, 'मयताची विधवा' वगैरे सगळं, आणि रांगेतली माणसं ऐकत राहिली. आई घरी आली आणि चिंचेनं आंगठा घासत बसली. म्हणाली, "मला माझं नाव लिवायला शिकव."

मी शिकवलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर, संध्याकाळच्या भाकरी झाल्या की. तिची बोटं लेखणी धरायला तयारच नव्हती. लेखणी ती विळ्यासारखी धरायची. नावाची तीन अक्षरं यायला पंधरा दिवस लागले आणि आडनावाला महिना. शेवटच्या अक्षराची वेलांटी तिला इतकी आवडली की ती उगाचच लांबवायची. घरातल्या पिठाच्या डब्यावर, पाटावर, खडूनं सगळीकडे तिनं नाव लिहिलं. मीही खूश. कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटले, माझ्या आईला सही येते. वाचायला शिकवायचं राहिलं. राहिलं म्हणजे, मला कंटाळा आला. सही आली की काम भागतं, असं मला वाटलं.

चेंबर तुंबलं तेव्हा तक्रार करायला आईच गेली. वसाहतीच्या ऑफिसची तक्रार खिडकी साडेदहाला उघडायची आणि एकला बंद व्हायची. त्या वेळात मी रबाळ्याला हातमोजे आणि साबण मोजत असायचे. शनिवारी दुपारी मी एकदा जाऊन आले तर खिडकीवर कुलूप आणि कुलपाखाली पाटी: 'आपल्या सेवेस तत्पर'.

आई मात्र तिथून आली ती उजळूनच. खिडकीतला मुलगा फार चांगला आहे म्हणाली. केस नीट विंचरलेले, बोलणं गोड. त्यानं तिला 'मावशी' म्हटलं. आत यायला सांगून बाकावर बसवलं. तक्रार ऐकून घेतली, लिहून घेतली आणि मोठी वही फिरवून तिच्यापुढे धरली. "मावशी, सही येते ना? मग इथं करा. बस. टेन्शन घेऊ नका." आईनं सही केली. आयुष्यात घराबाहेर केलेली पहिली. तो म्हणाला, "वा मावशी, अक्षर तर आमच्या साहेबांपेक्षा भारी!"

हे तिनं मला तीनदा सांगितलं.

माणूस कुणी आला नाही. चार दिवसांनी ती पुन्हा गेली. पुन्हा बाक, पुन्हा मावशी, पुन्हा वही, पुन्हा सही. "उद्या मानसं लावतो म्हनला." उद्या कुणी आलं नाही. मग ती दर पाच-सहा दिवसांनी जाऊ लागली. जाताना धुतलेलं लुगडं नेसायची, केसांना तेल लावायची, पाय दोनदा धुवायची, आपल्या अंगाला वास येत असेल तर तो त्या मुलाला येऊ नये म्हणून. मी संध्याकाळी दमून आले की तिला विचारायचे, "काय गं, आज केलीस का सही?" ती म्हणायची, "केली की. आज येलांटी झ्याक आली." चेंबरचं काय झालं हे मी विचारायचं सोडून दिलं होतं. आम्ही दोघीही सहीवरच खूश होतो.

पण आईला एक तारीख दिसत होती. दिवाळीनंतर वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. गावाहून काका आणि भावकीतली माणसं येणार होती. वडिलांनी हौसेनं घेतलेलं घर ही सगळी पहिल्यांदाच बघणार होती. आईनं आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आता तिचं एकच मागणं होतं, त्या दिवसापर्यंत मोरीतून घाण येऊ नये. "त्यांनी या घरापायी जीव टाकला," ती म्हणायची, "आन् त्यांचं पान मी असल्या घानीत मांडू व्हय?"

वर्षश्राद्धाला चार दिवस राहिले असताना मी सकाळी बससाठी निघाले तर रस्त्यात गटार साफ करणारा एक माणूस दिसला. खांद्यावर बांबूच्या लांब कामट्यांची गुंडाळी. तो पलीकडच्या इमारतीकडे चालला होता. मी त्याला अडवलं आणि चिडूनच विचारलं, आमच्याकडे दोन महिने का आला नाहीत? तो जवळच्याच गावातला, वयस्कर. त्यानं आमच्या इमारतीचा नंबर विचारला आणि चमकून माझ्याकडे बघितलं.

"तुमचा काम तं वहीन कवाच झायलाय, बाय," तो म्हणाला. "येकदा नाय, धा-अकरा येला झायलाय. आमाला तुमची चिट्ठी मिलतच नाय. मना वाटला, तुमचेकरं दुसरी गँग येते."

मी बस सोडली. घरी गेले आणि आईला म्हटलं, चल. ती पाण्यात उभी होती. साडेदहा वाजेपर्यंत आम्ही दोघी ऑफिसच्या पायरीवर बसून राहिलो. ती सारखी म्हणत होती, "त्या पोराला काय बोलू नकोस, ऱ्हाऊन गेलं असंल."

खिडकी उघडली. मी वही मागितली. तो मुलगा खरंच गोड बोलला. "बसा ना मॅडम. मावशी, या." मी उभ्या उभ्याच पानं उलटली. प्रत्येक तक्रारीची एक ओळ होती. तारीख, इमारत, काय बिघडलं, आणि शेवटचा रुंद रकाना. त्याच्या डोक्यावर छापलं होतं: 'काम पूर्ण झाले. काम समाधानकारक आहे. तक्रारदाराची सही.' त्या रकान्यात माझ्या आईची सही होती. तक्रार ज्या तारखेला घेतली त्याच तारखेची. पुढच्या पानावर पुन्हा. मी मोजल्या. अकरा होत्या. पहिली वाकडी, अक्षरं ओळीबाहेर गेलेली. अकरावी सरळ, लांब वेलांटीची.

आणि फक्त तिच्याच नव्हत्या. पानंच्या पानं भरली होती. इमारतींमध्ये लोक विझलेले दिवे, फुटलेले नळ, तुंबलेली गटारं घेऊन बसले होते आणि वहीत अख्खी वसाहत समाधानानं नांदत होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पद्धत आहे मॅडम," तो म्हणाला. त्याला लाज वाटत नव्हती, हेच मला अजून पचत नाही. "महिनाअखेर वरती रिपोर्ट जातो. पेंडिंग दिसलं तर साहेबांना बोलणी बसतात. म्हणून आम्ही सही आधीच घेऊन ठेवतो. काम तर काय, होतंच नंतर."

"दोन महिने झाले!"

"मग नवीन तक्रार लिहा ना." आणि त्यानं, देवाशपथ, पेन पुढे केलं.

आतले साहेब चहा पीत होते. त्यांनी वही मागवली, चष्मा लावला, अकराही सह्या पाहिल्या आणि मला विचारलं, "सही यांचीच आहे ना?" मी म्हटलं, हो. "मग कागदावर तक्रार शिल्लकच नाही. शिकलेली माणसं तुम्ही, सही करताना वाचायला नको? अडाणी असत्या तर आंगठा घेतला असता, साक्षीदार बोलावला असता, त्यानं वाचून दाखवलं असतं. सही केली म्हणजे वाचलं असंच आम्ही धरणार." आणि बशीत उरलेला चहा त्यांनी फुर्र करून ओढला.

माझ्या तोंडाला त्या दिवशी जे आलं ते मी बोलले. ते सगळं इथे लिहिण्यात अर्थ नाही. त्याचा उपयोगही झाला नाही. आत कुणी मान वर करून बघितलं नाही, इतकी त्यांना सवय होती. आई मात्र माझा हात ओढत होती.

"काय लिवलंय तितं?" ती विचारत होती. "माझ्या नावाच्या वर काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. तिला आधी कळलं नाही. मी पुन्हा वाचलं. मग तिनं वही स्वतःकडे ओढली आणि पहिल्या सहीवर बोट ठेवलं. "ही पयली," ती म्हणाली. "हितं माझा हात कापत हुता." मग तिनं एकेक पान उलटून अकराही सह्यांवर बोट ठेवलं आणि वही मिटली. त्या मुलाकडे तिनं बघितलं. तो म्हणाला, "मावशी, उद्या नक्की पाठवतो." ती वळून बाहेर पडली.

घरी येताना ती माझ्या दोन पावलं मागे चालत होती. त्या साहेबाची मला किळस आली होती, त्या गोडबोल्या मुलाची तर जास्तच. पण दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात काउंटरवर बसले. पुढे कामगारांची रांग होती. हातमोजे अजून आले नव्हते, चार दिवसांनी येणार होते. आणि मी रजिस्टर फिरवून एकेकाला म्हणत होते, "इथं सही करा, आले की देते." गेली दोन वर्षं मी हेच करत होते. कुणी शिकवलं होतं कोण जाणे, पद्धत होती. त्यातल्या किती जणांना वाचता येत होतं हे मी कधी विचारलं नव्हतं. मी रजिस्टर मिटलं. हेड क्लार्क रागावले, तरी हातमोजे आल्याशिवाय उघडलं नाही. याचं मला काही कौतुक वाटत नाही. दोन वर्षं उशीरच झाला होता.

चेंबर साफ झालं ते त्या कामट्यावाल्या म्हाताऱ्यामुळे. तो दुसऱ्या दिवशी दुपारी, आपल्या जेवणाच्या सुट्टीत, चिट्ठीबिट्टी नसताना आला. मी नव्हते, आईनं सांगितलं. झाकण उचललं, कामटी घातली, मग शर्ट काढून छातीपर्यंत आत उतरला. आतून त्यानं सिमेंटची रिकामी गोणी काढली, इमारत बांधतानाच कुणीतरी टाकून दिलेली. नंतरच्या सगळ्या घाणीनं तिला मिठी मारली होती. पंधरा मिनिटांचं काम. धबाधबा आवाज झाला आणि आमच्या मोरीतलं पाणी खाली गेलं. आईनं त्याला अंघोळीला गरम पाणी दिलं, वडिलांचा धुतलेला सदरा दिला आणि वर्षश्राद्धाला जेवायला यायचं आवतण दिलं.

तो आला. वडिलांचाच सदरा घालून आला. काका दारातच कुजबुजले, "वहिनी, ह्याला भाईर वाढा." ज्या मोरीत काकांनी सकाळी अंघोळ केली ती कुणामुळे कोरडी होती हे त्यांना सांगावंसं मला वाटत होतं. आईनं सांगितलं नाही, भांडली नाही. तिनं म्हाताऱ्याचं पान आत, वडिलांच्या फोटोसमोर मांडलं आणि काकांना म्हणाली, "तुमचं कुटं मांडू?" काका मुकाट्यानं बसले.

आठवड्यानं ऑफिसचा शिपाई आमच्या दारात आला. हातात एक छापील कागद. माझ्या आरडाओरड्याचं काहीतरी वर गेलं असावं. रविवार होता, मी घरी होते. शिपाई म्हणाला, "चेंबर क्लियर झालं ना? साहेबांनी सही आणायला सांगितलंय." काम त्यांच्यापैकी कुणी सांगितलं नव्हतं, त्यांच्या कुठल्या चिट्ठीवर झालं नव्हतं, पण सही मात्र हवी होती.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. मला म्हणाली, "वाच."

मी वाचलं. काम पूर्ण झाले. काम समाधानकारक आहे.

"झालं ते खरं," ती म्हणाली. "दुसरं काट."

मी शिपायाचं पेन घेऊन दुसऱ्या वाक्यावर रेघ मारली. "अहो, खाडाखोड नाय चालत," तो म्हणाला. आईनं पेन घेतलंच नाही. तिनं उजवा आंगठा पुढे केला. "शाई आन." शिपायाकडे शाई नव्हती. "मावशी, तुमाला तर सही येते!" तो म्हणाला. ती तशीच आंगठा पुढे करून उभी राहिली. शेवटी तो कागद घेऊन गेला आणि पुन्हा आला नाही.

त्यानंतर आईनं सही केली नाही. रेशनच्या दुकानात नाही, मतदानाला नाही, कुठेच नाही. पिठाच्या डब्यावरचं खडूचं नाव तिनं स्वतः पुसलं. मी म्हटलं, आता मी तुला वाचायलाच शिकवते, बस माझ्यासमोर. ती म्हणाली, "माझं वय झालं," आणि भाकरी थापत राहिली. तेव्हा ती पन्नाशीचीही नव्हती.

पुढे काही वर्षांनी माझं लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. साक्षीदारांत आई होती. तिथल्या बाईंनी पेन पुढे केलं, आईनं शाईचं पॅड मागितलं. त्या बाईंच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला ओळखीचं होतं, आणि मला राहवलं नाही. मी हळूच म्हटलं, "आई, आज तरी कर की गं सही. माझ्यासाठी."

"आंगठ्याला वाचून दावनारा मानूस लागतो," ती म्हणाली. "सहीला कोन लागत न्हाई."

मग तिनं आंगठा पॅडवर दाबला, स्वतःच दाबला, आणि मी पहिल्या ओळीपासून वाचून दाखवेपर्यंत तसाच कागदापासून बोटभर वर धरून ठेवला.